लाल पाठीची वही

महालेखाकार कार्यालयात बत्तीस वर्षं
दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या मी.
आता एक स्वतःची आहे,
दौलतगंजातून आणलेली, लाल पाठीची,
आणि तिच्यात फक्त खोकला.

कोतवालाचा खोकला.
वय साडेतेरा, जात सांगता येणार नाही,
एक कान उभा, दुसऱ्याचं अजून ठरलेलं नाही.
खोकताना मान खाली घालतो, कोपरं फाकवतो,
जणू कधीकाळी चोरून गिळलेलं एखादं हाड
आत्ता परत करायला निघालाय.
शेवटी निघतो थोडासा पांढरा फेस,
आणि तो आमच्याकडे बघतो
पाहुण्यांसमोर हातून कप फुटल्यासारखा.

डॉक्टर भदौरियांनी एक्स-रे खिडकीकडे धरला.
हृदय मोठं झालंय, म्हणाले,
श्वासनळीला खालून रेटतंय.
बरा होणार नाही. बरं वाटेल.
घरी येऊन पहिल्या पानावर
मी तेवढंच लिहिलं, तारीख घालून.

गळ्यातला पट्टा काढला.
तिथले केस अजून दबलेलेच आहेत.
आता छातीवरून फिरणारे बंद;
ते घालताना पुढचा पाय आपणहून उचलून धरतो,
शाळेत निघालेल्या पोरानं
स्वेटरच्या बाहीसाठी हात धरावा तसा.
अर्धी गोळी सकाळी, अर्धी रात्री, पेढ्यात.
पेढा खातो. गोळी फरशीवर ठेवतो,
चाटूनपुसून, कोरडी.
मग सुलभानं ती तुपाच्या बेरीत दडवली
आणि प्रश्न मिटला.

हीच सुलभा.
कुत्रं उंबऱ्याच्या आत आलं तर मी बाहेर,
असं म्हणणारी.
उंबरा आहे तिथंच आहे.
जानेवारीत पारा चारावर उतरतो तेव्हा
न्हाणीघरात कढत पाण्याच्या दोन बादल्या भरून
ती दार लावून पाटावर बसते,
तो तिच्या पायाशी, वाफेत,
आणि बाहेर मला ऐकू येतं,
मटार काय भाव झालेत ते
ती त्याला सांगत असते.

शेजारचे तोमर गच्चीवरून म्हणतात,
"भाईसाहब, क्यों इतनी तकलीफ़ में रखा है इसे?"
मी म्हणतो, देखते हैं.
दोनच शब्द, पण रात्र त्यावर निघते.

झोपेत श्वास मोजा, असं सांगितलंय,
मिनिटाला तीसच्या वर गेले तर फोन करा.
मी घड्याळ घेऊन त्याच्या बरगड्यांशी बसतो.
बावीस. चोवीस.
एकदा बत्तीस आले, तेव्हा मी परत मोजले,
आणि परत,
सव्वीस येईपर्यंत.
नोंद सव्वीसची केली.
नोकरीत कुणी असं केलं असतं
तर मी त्याला सोडलं नसतं.

परवा माझा डोळा लागला.
सकाळी वही उघडली तर पान भरलेलं,
सुलभाचं अक्षर, वेलांट्या पार वरच्या ओळीत घुसलेल्या:

१.४० कोतवाल तीन. तुम्ही दोन.
२.१५ कोतवाल एक, फेस नाही. तुम्ही चार.
३.१० लघवीच्या गोळीमुळे बाहेर नेलं. धुकं. किल्ला दिसत नाही.
तुमचा मफलर मी घातला होता, सापडला नाही तर शोधू नका.
४.०० दोघंही शांत. श्वास: त्याचे तेवीस.
तुमचे अठरा, पण मध्येच घोरता, त्यामुळे खात्री नाही.

मी पेन उघडलं.
सवयीनं समासात काहीतरी लिहायला हवं होतं.
खाली कोतवाल उठला, मान खाली घातली.
मीही जरा घसा मोकळा केला.
आणि स्वयंपाकघरातून तिनं विचारलं,
"कोण?"