नऊ ते साडेपाच

रविवारचा पेपर झटकला की आधी पत्रकंच पडतात:
उन्हाळी शिबिर, उन्हाळी शिबिर, उन्हाळी शिबिर.
एकावर एक मुलगा दुर्बिणीतून बघतोय,
दुसऱ्यावर तोच मुलगा, तोच शर्ट, हातात आता गिटार.
सुगत म्हणतो, आई, याला किती शिबिरांत टाकलं गं?

माझी सुट्टी मंजूर होत नाही.
वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात मे महिना म्हणजे
दुसऱ्यांच्या घरातला उकाडा कानाला लावून बसणं.
शाळा बंद. शेजारच्या सहारेकाकू लेकीकडे भंडाऱ्याला.
म्हणून ही शोधाशोध, तोंडाला स्कार्फ,
स्कूटीच्या सीटवर ओला टॉवेल,
आणि भर दुपारी,
कारण जागा कशी आहे ते दुपारीच कळतं.

धरमपेठेत एसी हॉल.
रोबोट, वैदिक गणित, आत्मविश्वास.
आत्मविश्वासाचे वेगळे साडेचार हजार.
मॅडमनी विचारलं, मुलाचं ध्येय काय?
सुगतने माझ्याकडे पाहिलं,
मी वर पंख्याकडे. पंखा नव्हता.

अंबाझरीच्या बाजूला पोहणं. पाणी हिरवट,
वेळ सात ते नऊ.
नऊनंतर पोराचं काय करायचं
ते त्यांच्या पत्रकात नाही.

मानेवाड्यात, बंद पडलेल्या एका मंगल कार्यालयात
ढोणेसर. पीटीचे, रिटायर.
कॅरम, मुखवटे, मातीकाम.
"बाकी पोट्टे ठरवतात."
मी माझी यादी काढली:
संडासाला कडी आहे का. प्यायचं पाणी कोण भरतं.
फाटकाला कुलूप. घ्यायला कोणी आलं
तर कोणाच्या हाती देता.
प्रत्येक प्रश्नाला ते उठून घेऊन गेले,
कडी लावून दाखवली, काढून दाखवली.
तेवढ्यात सुगत दिसेना.

मागे, कूलरपाशी. चौकीदारीण पंचफुलाबाईंसोबत
वाळ्याच्या ताट्यांवर मगाने पाणी मारत होता,
चप्पल चिंब, चेहरा असा की
मी यादीची घडी करून पर्समध्ये टाकली.

पाचला सुटतं, सर म्हणाले.
माझी ड्युटीच पाचला सुटते, मी म्हटलं.
"लिहा ना साडेपाच," पंचफुलाबाई, मागे न बघता,
"मी आहो ना इथंच."
पावतीवरचं पाच खोडलं गेलं.

सोमवार, एक वाजून दहा. शेहेचाळीस डिग्री.
हेडफोनमध्ये: मॅडम, मानेवाडा, लाइट गेली.
मग दुसरा फोन. मग फोनच फोन.
मी म्हणते, आपली तक्रार नोंदवली आहे,
कर्मचारी निघाले आहेत.
बोटं फीडरचं नाव टाइप करतात
आणि मला दिसतो थांबलेला कूलर,
कडेपासून सुकत आलेला वाळा.
सगळं विचारलं होतं मी. कडी, कुलूप, पाणी.
जनरेटर धरमपेठेच्या पत्रकावर होता, ठळक अक्षरांत.
एक बाई ओरडते, तुमच्या घरी लहान लेकरू नाही का?
मी म्हणते, आपली तक्रार नोंदवली आहे.

साडेपाचला तो फाटकाशी, शर्ट उलटा, केस ओले.
काय शिकला आज?
"लाइट गेली ना, तं आम्ही सगळे निंबाखाली.
पंचफुलाबाईनं बादलीच मारली आमच्यावर.
मी वाळ्यावर मारली होती ना, तशी."

मग सिग्नलवर, पाठीला गाल लावून:
"उद्या पण जाईल का गं लाइट?
तुला तं आधीच माहीत असते."