कोत, मंगळवार

कोतीची खिडकी खाडीकडे उघडते,
म्हणून ती उघडायची नाही, असा देवगडच्या ठाण्याचा नियम.
तरी मीठ येतंच.
कुलपाच्या भोकातून, रजिस्टरच्या पानांतून,
माझ्या वेणीतूनही येत असेल.

टेबलावर गोणपाट. एका टोकाला वाळूची बादली,
नळीचं तोंड बादलीकडे.
माणसाकडे नाही, दाराकडे नाही,
कॅलेंडरातल्या देवाकडेसुद्धा नाही.
कुबल हवालदार म्हणतात,
'रिकामी आसा असा कोणीय सांगांदे,
इश्वास ठेवू नको. माज्यारय नको.'

काडतुसं केव्हाच दुसऱ्या खोलीत,
दुसऱ्या कुलपात, दुसऱ्याच्या सहीखाली.
तरी मी मॅगझिन काढते.
बोल्ट मागे ओढते. आत बघते.
उजेडाकडे तिरपी धरून परत बघते.
मग करंगळी घालते त्या थंड पोकळीत,
जसे बाबा डिझेलच्या टाकीत बोट बुडवायचे,
काटा काहीही दाखवो.

बोल्ट बाहेर आला की
ती फारशी रायफल उरत नाही.
थोडं लाकूड, थोडं लोखंड, एक पट्टा.
बोल्टवरचा आकडा आणि अंगावरचा आकडा
मोठ्याने वाचायचा:
चार सात एक नऊ. चार सात एक नऊ.
शेजारणीचा बोल्ट हिला चालत नाही.
'देवळाभायरचा चप्पल नाय ता,
खयच्याय पायात घालूक.'

मग फुलतुरू.
पितळी वजन मागून नळीत सोडलं
की ते सरसरत पुढून बाहेर पडतं,
मागे दोरी, दोरीच्या फासात चिंदी.
एका दमात ओढायची. मध्ये थांबलीस तर अडकली.
पहिली चिंदी तांबूस निघते.
आठ दिवसांत एवढा गंज!
दुसरी पिवळट.
तिसरी घालताना माझा हात थांबला.

दोरी कधीतरी तुटलेली होती
आणि कुणीतरी ती जोडली होती.
ती गाठ पोलिसातली नव्हती.
ती गाठ आमच्या वाडीत नांगराच्या दोराला मारतात,
ओढाल तितकी आवळणारी,
आणि उलट्या बाजूने दाबलीत तर मुकाट सुटणारी.
'ही कोणी मारली?'

हवालदारांनी तेलाची बुधली उगाच हलवली.
मग रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.
'झाडलेली काडतुसं' या रकान्यात
अकरा वर्षं शून्य, शून्य, शून्य,
एकाच ठिकाणी तीन.
शेरा: सलामी. शिपाई खवणेकर. गस्ती बोट.

'हयसरच बसायचो,' ते म्हणाले,
माझ्या स्टुलाकडे न बघता.

मी तिसरी चिंदी ओढली. स्वच्छ.
नळीतून खिडकीच्या फटीचा उजेड पाहिला,
गोल, चकचकीत, आत कुणीच नाही.
तेलाचा हात, अगदी पातळ.
जास्त तेलाला वाळू चिकटते.
बोल्ट आत, आकडा पुन्हा एकदा,
रिकाम्या नळीवर घोडा दाबून स्प्रिंग सैल केली.
टक्.
इतका लहान आवाज.
साखळी, कुलूप, सही.

हा माझा चौथा मंगळवार.
चारही मंगळवारी हवालदार म्हणालेत,
'दोरी बदलूक होयी, जुनी झाली.'
मागणीपत्राचा कागद काचेखाली आहे,
तारखेची जागा तेवढी कोरी.

दुपारी भाकरी मोडताना
बोटांना तेलाचा वास येतो, साबण लावूनही.
बांगड्याच्या वासाला तो जात नाही.
मीही आता जा म्हणत नाही.