गेल

नोहुत आज पिंजऱ्याच्या तळाशी बसलाय,
पिसं फुगवून, मान नसल्यासारखा.
दर श्वासाला शेपूट वरखाली होतं,
कोरड्या हापशाचा दांडा हलावा तसं.

रिफ्की ओट्यावरच्या काट्यावर कॉफीची वाटी ठेवतो,
आकडा शून्यावर आणतो,
मग वाटीत पक्षी.
एकतीस ग्रॅम.
काल साडेएकतीस होता.
अठ्ठावीस वर्षं साखर कारखान्याच्या फाटकावर
बीटचे ट्रक तोलले या माणसानं,
अर्धा टन इकडे तिकडे झाला तर डोळा झाकला.
आता अर्धा ग्रॅम
चिमटीत धरून बघतो, सापडत नाही.

एस्किशेहिरमध्ये फेब्रुवारी. पोर्सुक नदीच्या काठाला बर्फ.
पिंजऱ्यावर म्युझेय्येनची शाल, शालीबाहेर पिवळा दिवा,
सुई काढलेल्या सिरिंजमधून सकाळ-संध्याकाळ दोन थेंब.
एक थेंब नेहमी रिफ्कीच्या बाहीवर.
खालचा कागद रोज बदलायचा, पण टाकायचा नाही,
आधी चष्मा लावून वाचायचा:
हिरवं किती, पाणी किती.
एवढ्या लक्ष देऊन त्यानं
कुणाचं पत्रही वाचलं नव्हतं.

तुलाय डॉक्टरीण विचारते, ओकतो की भरवतो?
मान झटकून दाणे उडवले तर आजार,
मान डोलावून हळूच ठेवले तर घास.
रिफ्की खिशातून आरसा काढतो,
पिंजऱ्यातलाच, रुपयाएवढा.
त्यावर दोन्ही वाळलेलं आहे.
तीन वर्षं हा काचेला भरवत होता,
आणि काच खात नव्हती.

आरसा तिनं ठेवून घेतला.

रात्री ब्रेमेनहून नेस्लिशाहचा फोन,
बाबा, जोडीदार आणा, एकटेपणानंच होतं असं.
तो विचारतो, कुणाला?
पलीकडे थोडा वेळ नुसता जर्मन पाऊस.

त्या देशात या पक्ष्याला म्हणतात मुहब्बतचा पक्षी.
मुहब्बत म्हणजे तिथे गप्पासुद्धा.
दुकानदार निळ्या मादीकडे बोट करतो,
पंखांवर शाईच्या बारीक रेघा, नाकावर तपकिरी ठिपका.
घ्या काका. पण एक सांगतो,
जोडी लागली की हे माणसांचं बोलणं सोडतात.

रिफ्की हात मागे घेतो.

कारण नोहुतला एकच शब्द येतो.
तो म्युझेय्येननं शिकवला, भाजी चिरता चिरता,
आणि तिच्याच आवाजात येतो,
शेवटी जरासा वर चढणारा, सर्दी झाल्यासारखा.
गेल.
म्हणजे, ये.
आपल्या कानाला नेमका उलटा वाटणारा शब्द.
ती गेल्यापासून घरात तो एवढाच उरलाय,
आणि आजारात अकरा दिवस तोही नाही.

बत्तीस. बत्तीस. सव्वातेहतीस.
राळ्याचं कणीस अर्धं सोललेलं.
पस्तीस होईपर्यंत कुणाला आणू नका, तुलायनं बजावलंय,
आणलंत तर महिनाभर वेगळ्या खोलीत, दार लावून.
चौतिसाच्या दिवशी नोहुत वरच्या दांडीवर चढतो,
चोचीनं दांडी घासतो,
आरसा होता तिथली रिकामी तार
एकदा चाचपतो.
त्या दिवशी रिफ्की दाढी करतो.

पस्तिसाला, झाकण असलेल्या टोपलीतून
निळी येते. मागच्या खोलीत,
शिवणयंत्राच्या टेबलावर.
पैसे देताना त्यानं घासाघीस केली नाही,
पावती मात्र दोनदा घडी घातली.

संध्याकाळी बंद दारामागून पहिली चिवचिव.
नोहुत चरायचं थांबतो. एक डोळा दाराकडे.
गळ्याखालची पिसं हलतात, तसं बोलण्याआधी व्हायचं.
रिफ्की दिवा लावत नाही.
हातात सिरिंज, सिरिंजमध्ये उरलेला थेंब,
तो उभा आहे,
कोणत्या भाषेत उत्तर येतं ते ऐकायला.