उकरू नये

पंधरा डिसेंबरला आई नाचणी पेरते.
पूर्वी कुर्ल्याला, ओटीवर, पितळी परातीत;
आता चेंबूरच्या ट्रान्झिट कॅम्पात, सातव्या मजल्यावर,
आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणात.
माती मी खालून आणली,
वॉचमनची पाठ वळल्यावर.

गव्हाणीभोवती हिरवं हवं.
प्लास्टिकचं गवत साठ रुपयांना मिळतं, मी म्हटलं.
आई म्हणाली, देव निजेल की प्लास्टिकवर,
त्याला काय, तो कुठेही निजतो.
प्रश्न आपला आहे.

अठरा महिने म्हणाला होता बिल्डर.
हा चौथा नाताळ.
आमच्या घराच्या जागी पत्र्याचं कुंपण,
पत्र्यावर एक हसरं कुटुंब,
त्यातल्या बापाचं तोंड उन्हानं उडालंय.
माझे बाबा दुसऱ्या नाताळच्या आधी गेले.
आई म्हणते, तो गोठा तरी काय,
ट्रान्झिटच.

मी लिफ्ट दुरुस्त करतो.
दोर हातानं चाचपल्याशिवाय
कुणाला वर पाठवत नाही,
फादरनासुद्धा नाही.
'येईल', 'होईल', 'तो बघतो आहे',
हे शब्द माझ्या कामात चालत नाहीत.

दुसरा दिवस, काही नाही.
तिसरा, काही नाही.
बाजूच्या खोलीतली इकरा
दप्तर न उतरवताच विचारते, उगवलं?
आई तिच्यापुढे पाण्याची वाटी धरते.
बोटांनी शिंपड, ओतायचं नाही.
पाचव्या दिवशी मी म्हटलं,
रेशनची नाचणी ती, किडकी असणार.
आईनं झाकण जरासं उन्हाकडे फिरवलं.
तेवढंच.

त्या रात्री ती झोपल्यावर
मोबाइलच्या उजेडात, किल्लीच्या टोकानं
मी एक कोपरा उकरला.

केसाएवढं मूळ होतं. पांढरं.
वर काहीच न दाखवता
खाली जायला निघालेलं.
ते परत नीट ठेवता येईना.
माझी बोटं ग्रीसची, जाड,
त्यांना दोर कळतो,
हे कळेना.

सकाळी आई झाकणाकडे बघत राहिली,
मग कांदा चिरता चिरता म्हणाली,
पाणी घालणं म्हणजे आशा.
ती तुला आहे, नाहीतर माती आणली नसतीस.
उकरून न बघणं, ते निराळं.
ते मलाही कुठे येत होतं?
तुझे बाबा हॉस्पिटलात होते ना,
रोज उकरायचे मी.

चोवीसला गवत बोटभर उंच,
एकीकडे दाट, खिडकीकडे कललेलं,
मी उकरलं तिथे टक्कल.
आईनं नेमकी तिथेच गव्हाणी मांडली.
रिकामी.
बाळ तिच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेलं,
मिस्साहून आल्यावर ठेवायचं.
दाराशी इकरा उभी:
कधी येणार?
उशीर होईल, झोप तू.
नाही झोपणार, ती म्हणाली.

आमचीच लिफ्ट बंद, महिनाभर.
कंत्राट दुसऱ्याचं, मला हात लावता येत नाही.
सात मजले, आईचे गुडघे,
माझ्या खांद्यावर तिचा हात.
चौथ्याच्या खाली दिवा गेलेला.
मी खिशात मोबाइल शोधत थांबलो,
पायरी दिसत नव्हती.

तिनं पाय टाकलाही होता.