त्र्याऐंशीची पोरं

व्हर्लिनच्या टायरच्या दुकानात, स्टोव्हभोवती,
दर नोव्हेंबरला हा वाद निघतोच:
हयातीत पाहिलेला सगळ्यांत लाडका संघ कुठला?
एकच सांगायचा. एकच वर्ष.
मागाहून शब्द फिरवायचा नाही.

व्हर्लिन म्हणतो, एकाहत्तर. अकराच्या अकरा जिंकले.
तो स्वतः होता त्यात, डाव्या कडेला;
अंगठी अजून बोटात आहे,
आता सांध्याच्या अलीकडे येत नाही.
ऑस्मंड म्हणतो, नव्व्याण्णव,
आणि त्या क्वार्टरबॅकचं नाव घेताना टोपी काढतो,
चर्चमध्ये शिरल्यासारखा.
कुणी टीव्हीवरच्या बड्या विद्यापीठाचं नाव काढतं,
लाख माणूस मावणाऱ्या स्टेडियमचं.
त्याला आम्ही कॉफी देतो. मत देत नाही.

आणि तुझं काय, आर्लिस?

मी हसते. मला खेळ कधी धड कळलाच नाही.
एकतीस वर्षं हॉल्वर कॉलेजच्या मैदानावर
प्रेक्षकांच्या बाकांखालच्या खोलीत
मी त्यांचे कपडे धुतले.
शनिवारी सामना ऐकू यायचा
डोक्यावर आपटणाऱ्या पायांतून,
आणि रविवारी दिसायचा, ढिगात.

जिंकणाऱ्यांना डाग पुढून लागतात, गुडघ्यांना.
हरणाऱ्यांना पाठीवर.
हे मला कुठल्या कोचनं शिकवलेलं नाही.

त्र्याऐंशीला पाठीच्या पाठी हिरव्यागार.
दहा सामने होते. नऊ हरलो.
दहावा बर्फामुळे झालाच नाही:
समोरच्यांची बस फर्गस रस्त्यावर अडकली,
दुपारी फोन आला, आणि पोरं म्हणाली,
चला, हा तरी हरलो नाही.

मी घरी निघाले होते. रबरी बूट घातलेले.
तेवढ्यात जिन्यावरून चौसष्ट नंबर उतरला,
टॉलेफ रुडसेथ, दाराएवढा रुंद,
शाळेच्या बसवाल्याचा मुलगा,
आणि एवढ्या मोठ्या देहातून एवढासा आवाज काढत म्हणाला,
कपडे मिळतील का, मिसेस त्वेट?
धुतलेत तुम्ही. वाया जातील.

अडतीस जणांना मी अडतीस घड्या दिल्या.

मग काय वाटलं कोण जाणे, मीही वर गेले.
पंच नाही, बँड नाही, पाटीवर आकडे नाहीत.
रेघा बर्फाखाली, म्हणून हद्द कुठली
हे त्यांनी धावता धावता ठरवलं.
अर्धे एकीकडे, अर्धे दुसरीकडे,
आणि एक बाजू दमली की
दोघे-तिघे गुपचूप पलीकडे जाऊन मिळायचे.
अंधार पडला तसा चेंडू दिसेना,
तरी प्रत्येकाला तो सापडत होता.
टॉलेफनं आयुष्यात एकदाच चेंडू हातात घेतला,
त्याच्या जागेवरच्या पोरांना तो कुणी देत नाही,
आणि असा पळाला, असा पळाला,
की अडवायला निघालेलेच त्याला ढकलत बरोबर धावले.
मी ओरडले. मोठ्यानं. काय ओरडले ते आठवत नाही.
बाकांवर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

एकतीस वर्षांत पूर्ण पाहिलेला तो एकच सामना.

रात्री ढीग आला तो नुसता ओला.
चिखल नाही, गवत नाही, रक्त नाही.
धुण्यासारखं त्यात काही नव्हतं.
मी तरी मशीन लावलं
आणि ते थांबेपर्यंत खुर्चीवर बसून राहिले,
कोट न काढता.

व्हर्लिन म्हणतो, हे धरता येणार नाही, आर्लिस.
तो सामना कुठं लिहिलेलाच नाही.
स्कोअर तरी काय होता?

कुणी मोजला नव्हता, मी म्हणते.
त्र्याऐंशी. लिहून घे.

तो अंगठी फिरवायला बघतो.
फिरत नाही.
ऑस्मंड उठून स्टोव्हमध्ये लाकूड घालतो.