सत्तेचाळीस सेकंद

वडश्याच्या नाटक कंपनीत मी विनोदी नट.
दिवाळीनंतर सीझन, तोवर बिनकामाचा घसा.
भाऊंचा पुतण्या आला. म्हणाला, एक आवाज पायजे गा,
बंगाल्याचा.
आदी हासू आलं पायजे लोकायले,
हासू सरलं का भेव.

जमतं मला हे.
कजाग सासू, दारुड्या पोलीसपाटील, तोतरा नवरदेव,
सगळे माझ्या घशात भाड्यानं राहतात.
बंगाली तेवढा नव्हता.
म्हणून तीन बुधवार बाजारात
आन्नबाला हालदारकडून मासे घेतले.

वजनाचं ती बोजोन करते.
साडेतीनशेचं शाडेतीनशो.
'व' तिच्या ओठांवर आला की ओठ मिटतात
आणि 'ब' होऊन उघडतात.
मी आरशासमोर मिटले, उघडले.
ती एक तुकडा वरून टाकायची नेहमी,
तोही घरी नेऊन खाल्ला.

राइस मिलच्या गोदामात, चहूकडून धानाची पोती रचून
माईकसमोर उभा राहिलो.
बोजोन आमचा, बाजार आमचा,
तुमचा जोमीन आमचा, तुमचा राशोन आमचा.
मग तिसऱ्या अंकातल्या खलनायकाचं हसणं.
मग शंख. मग भाऊंचं नाव, चिन्ह, बटण क्रमांक चार.
सत्तेचाळीस सेकंद.
दोन हजार, रोख.

पत्रकं वाटायला ऑटोत बसलो, त्याचे वेगळे तीनशे.
ऑटो शुभंकरचा.
झाडीबोली माझ्याहून अस्सल,
आडनाव मी विचारलं नाही.
भोंगा तो दर गावी फडक्यानं पुसायचा,
धुळीनं आवाज फाटते म्हणून.
शाळा सुटलेली पोरं मागं धावायची
बोजोन आमचा, बोजोन आमचा,
आणि एका गावी, पाराजवळ,
त्यांतल्याच एका पोराकडे बाकीची पोरं वळली.
ऑटो पुढं गेला. पुढचं मी पाहिलं नाही.
पाहिलं, थोडंसं.

तळ्याच्या पाळीवर बिडी पेटवून शुभंकर म्हणाला,
"कोन बोल्ला असन गा हे?
बंगाली नोहे तो.
आमच्यातला कोनी असा हासत नाही."
मी म्हटलं, नागपूरचा असन कोनी.

यादीत कॅम्पही होता.
मला वाटलं बंद करील, निदान कान पिळून बारीक करील.
त्यानं नाही केला.
घराघरांतून माणसं ओट्यावर आली,
हसलं कोणी नाही, रागावलंही नाही,
गाडी गॅसवाल्याची की लसीवाल्यांची
ते बघायला आल्यासारखी उभी राहिली.
टोकाच्या घरातून ओल्या हातांनी
आन्नबाला आली.
"मा," शुभंकर म्हणाला, आणि मी पत्रकांत मान घातली.

तिनं सगळं ऐकलं.
शंखसुद्धा.
हिच्याच सासऱ्याला सरकारनं ट्रकातून आणून
या रानात उतरवलं होतं, हातात एक कुऱ्हाड देऊन;
हे तिनं मला कधीतरी
रोहूचे खवले काढता काढता सांगितलेलं.
"मानूश आजारी आहे काय?" ती म्हणाली.
"राशोन चूक बोलला. जोमीन पण चूक, नाटक आहे.
बोजोन मात्र..."

थांबली.

भोंगा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता.
ती भोंग्याकडे बघत नव्हती.
पदराला हात पुसले, आत गेली,
बाहेर आली.
"दादा, मागच्या बुधबारी शुट्टे नव्हते.
तुझे बीश रुपये."

नोट ओली होती, मासळीचा वास होता.
नको म्हणायला तोंड उघडलं
आणि कुणाच्या आवाजात म्हणू ते सुचेना.
वर सासू, दारुड्या, नवरदेव, कोणीच बोलायला तयार नाही;
बोलत होता तो एकटाच,
ऑटोच्या टपावरून,
तुमचा राशोन आमचा.

शुभंकरनं भोंगा पुसला.
गिअर टाकला.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"नागपूरचा, नाही का?"

अजून सात गावं राहिली होती.