प्रकरण दुसरे

झंखनाबेननी माझी बेचाळीस पानं परत दिली.
तांबड्या शाईचा एक डाग नाही.
फक्त शेवटी, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
"फणसेबेन, यात तुम्ही कुठे आहात?"

कुठे असणार?
सहा महिने तिथेच तर बसले होते,
ग्रंथालयाच्या त्या कोपऱ्यात,
जिथला पंखा फिरण्याआधी विचार करतो.
विश्वामित्रीच्या पुरावर ज्यांनी ज्यांनी लिहिलं
त्यांना मी आणलं, वाचलं, ओळीत उभं केलं.
अमुक म्हणतात.
तमुक असेही म्हणतात.
तमुकांच्या मते मात्र.
लग्नात आहेर लिहून घ्यावा तसं:
नाव, रक्कम, खालचं नाव.

"पंगत छान बसवलीत," बेन म्हणाल्या, चहा बशीत ओतत,
"पण कुणी कुणाशी बोलत नाही.
जरा भांडू द्या त्यांना.
आणि मग तुम्ही मध्ये तोंड घाला."

मला तोंड घालायची सवय नाही.
आमच्या दांडिया बाजारातल्या घरात
मोठी माणसं बोलत असली की मुलींनी
पोह्यांच्या बशा नेऊन ठेवायच्या आणि परत यायचं.
संशोधनही मी तसंच करत होते,
हे त्या बशीकडे बघताना कळलं.

मग परत गेले. या वेळी तळटीपा वाचल्या,
मुंगीएवढ्या टाइपातल्या.
सगळ्यांकडे एकच आकडा होता:
जुन्या पुरात घाटाच्या अकरा पायऱ्या बुडाल्या.
इंजिनिअरांनी तो भूगोलाच्या मास्तरांकडून घेतला,
मास्तरांनी एका निवृत्त ओव्हरसियरच्या स्मरणिकेतून,
ओव्हरसियरनं दफ्तरातल्या मोडी कागदावरून.
पूररेषा, पुलाची उंची, दोन प्रबंध, एक अहवाल
अकरावर उभे.

मोडी मला येत नाही.
जमिनीच्या खटल्यांचे कागद वाचून देणारे सुर्वेकाका
भिंग पुसत म्हणाले, पानाचे शंभर, नातीएवढी आहेस, पन्नास दे.
आणि वाचलं, अडखळत, मग न अडखळता:
"चिखल अकरा पायऱ्या मोजिला.
बारावीवर मगर पडोन होती,
सबब पुढे मोजणी जाहली नाही.
ऐसे परटीण सांगते."

मी त्यांना दोनदा वाचायला लावलं.
तिसऱ्यांदा ते हसायला लागले.

पाणी कुठवर आलं होतं, कुणालाच ठाऊक नाही.
मगर कुठे होती, तेवढं ठाऊक आहे.

संध्याकाळी पुलावर थांबले.
खाली गढूळ, जवळजवळ न हलणारं पाणी,
काठावर एक ओंडका, किंवा ओंडका नसलेलं काहीतरी.
शेजारी एक माणूस पोराला बोटानं दाखवत होता.
मी मोजायला गेले तर
गाळाखाली पायऱ्याच दिसेनात.

आता दुसरं प्रकरण एकोणीस पानांचं आहे.
अमुक आहेत, तमुक आहेत, मान राखूनच;
तेही बिचारे कुणावर तरी भरवसा ठेवून
एकेक पायरी वर चढले.
मी त्यांना अकरावीवर फक्त अडवलंय
आणि विचारलंय, पुढे?
लिहिताना हात थोडा कापला, हे प्रकरणात नाही.

झंखनाबेननी उभ्याउभ्याच वाचलं.
चहा निवला.
"परटिणीचं नाव?"
"कागदात नाही, बेन."
"मग संदर्भसूचीत कुठे घालणार तिला?"
त्यावर मला काही सुचलं नाही.
त्याही काही बोलल्या नाहीत, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

काल रात्री सूची अकारविल्हे लावत होते.
पटेल झाले. परीख यायचे होते.
मध्ये एक ओळ लिहिली, खोडली,
पुन्हा लिहिली:

परटीण. नाव नोंदलेले नाही. तोंडी.
पृष्ठ क्रमांकाच्या जागी
बारा.